विंचवाचं विष, फवारणीचं विष आणि एकच इंजेक्शन

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासदांसाठी झालेल्या कार्यक्रमात दिलेले हे व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले असून वक्त्या मॅडमनी स्वतः तपासून दिले आहे. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मेंटेनन्सच्या सभेला असते त्यापेक्षा आज गर्दी जास्त आहे, हे बघून बरं वाटलं. भाषणानंतर मसालेभात आणि जिलेबी आहे हे त्यामागचं खरं कारण, ते मला ठाऊक आहे. तरी मी मनाला लावून घेत नाही.

सचिव म्हणाले, "मॅडम, तुम्ही जन्मभर औषधांवर संशोधन केलं. मेंदू, नसा, औषध शरीरात नेमकं काय करतं, असं काहीतरी सांगा." आता माझं संशोधन म्हणजे काय? गिनिपिगच्या आतड्याचा बोटभर तुकडा कोमट मिठाच्या पाण्यात टांगायचा, त्यावर औषधाचे थेंब सोडायचे आणि तो किती आकसतो ते काजळी धरलेल्या गोल ड्रमवर उमटवून घ्यायचं. घरी गेले की नाकातून काजळी निघायची. सासूबाई विचारायच्या, "कॉलेजात चुली फुंकता का गं?" ते सगळं सांगत बसले तर जिलेबी गार होईल. म्हणून मी स्वतःचं थोडं आणि दुसऱ्या एका संशोधकाचं जास्त सांगणार आहे. तो माणूस आपल्या महाराष्ट्रातला, शेतकऱ्याच्या घरातला, आणि त्याची प्रयोगशाळा म्हणजे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. त्यानं जे शोधलं त्याचा आपल्या यवतमाळच्या कापसाच्या वावराशी काय संबंध, तेही सांगते.

आधी एक कोडं घालते. ॲट्रोपीन नावाचं एक इंजेक्शन आहे. साधं, स्वस्त, तालुक्याच्या दवाखान्यातही मिळणारं. समजा दोन माणसं एकाच संध्याकाळी वावरातून दवाखान्यात आणली. दोघांनाही दरदरून घाम, दोघांनाही उलट्या, दोघांच्याही तोंडातून लाळ, दोघांचीही छाती घरघरते. एकाला ॲट्रोपीन दिलं तर तो वाचतो. दुसऱ्याला दिलं तर तो जास्त बिघडतो. का?

त्यासाठी नस बोलते कशी ते बघावं लागेल. पूर्वी शास्त्रज्ञांत वाद होता, की नस हृदयाला किंवा स्नायूला निरोप देते तो विजेनं देते की रसायनानं. १९२१ साली ओटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञानं बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्या हृदयाची नस उत्तेजित केली, त्याचे ठोके मंदावले. मग त्या हृदयाभोवतालचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं. त्या दुसऱ्या हृदयाच्या नसेला कुणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावलं. म्हणजे नसेतून काहीतरी पाझरून पाण्यात आलं होतं. लोवीला हा प्रयोग स्वप्नात सुचला होता. पहिल्या रात्री उठून त्यानं चिठ्ठीवर खरडलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्याला लागेना! दुसऱ्या रात्री पुन्हा तेच स्वप्न पडलं तेव्हा तो सरळ उठून प्रयोगशाळेत गेला. आम्ही डॉक्टर लोक लिहितो ते तुम्हाला वाचता येत नाही ही तक्रार तुमची एकट्याची नाही, एवढं लक्षात असू द्या. १९३६ साली लोवीला हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

त्या पाझरलेल्या रसायनाचं नाव ॲसिटिलकोलीन. त्याला आपण निरोप्या म्हणू. नसेच्या टोकातून निरोप्या निघतो, समोरच्या पेशीवरच्या कुलपात बसतो आणि काम होतं. लाळ सुटते, घाम येतो, स्नायू आखडतो, हृदय सावकाश चालतं. काम झालं की निरोप्याला ताबडतोब मोडून टाकावं लागतं, नाहीतर निरोप वाजतच राहील. मोडण्याचं काम एक एन्झाइम करतं, कोलिनेस्टरेज. आपल्या दारावरची बेल घ्या. कुणी बटण दाबलं, बेल वाजली, बोट उचललं, बेल थांबली. बोट उचलण्याचं काम या एन्झाइमचं. मध्ये आपल्या दुसऱ्या गल्लीत पावसानं एका घरची बेल अडकली होती, सगळी गल्ली रात्रभर जागी होती. तसं शरीरात झालं तर?

तसं होतं. १९३६ सालीच जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनतज्ज्ञ किडे मारायचं नवं औषध शोधत होता. त्याला फॉस्फरसची अशी संयुगं सापडली की ती किड्याचं कोलिनेस्टरेज बंद पाडतात. अडचण अशी की किड्याचं आणि माणसाचं हे एन्झाइम जवळजवळ सारखंच. त्याच कामातून टाबून हा युद्धात वापरायचा विषारी वायू निघाला आणि त्याच कुळातली कीटकनाशकं आपल्या वावरात आली. ज्याला आपल्याकडे लोक नुसतं "मोनो" म्हणतात ते मोनोक्रोटोफॉस, शिवाय प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस. ही सगळी भावंडं.

आता आपला कोड्यातला पहिला माणूस फवारणी करून आलेला. त्याच्या अंगात निरोप्या साचून राहिलाय. बेल सगळ्या घरात वाजतेय. फुफ्फुसात एवढा स्राव सुटतो की तो स्वतःच्याच पाण्यात बुडतो. ॲट्रोपीन काय करतं? ते कुलपातच जाऊन बसतं. निरोप्या बाहेर कितीही गर्दी करेना, त्याला आत बसायला जागाच नाही. छाती कोरडी होते, हृदयाचे ठोके वाढतात, माणूस श्वास घेऊ लागतो. कधीकधी एका रुग्णाला ॲट्रोपीनची शेकडो अँप्युल लागतात. नातेवाईक घाबरतात, "एवढी इंजेक्शनं?" पण डॉक्टर छाती ऐकत, नाडी बघत मात्रा ठरवत असतात. हेच ॲट्रोपीन धोतऱ्यात असतं, जो आपण महादेवाला वाहतो. मात्र कुणी धोतरा कुटून पाजू नका बाप्पा! कोणत्या झाडात किती असेल याचा भरवसा नाही, आणि जास्त झालं तर ते स्वतःच विष आहे.

हा झाला पहिला माणूस. दुसऱ्यासाठी आपल्याला कोकणात जावं लागेल.

डॉ. हिंमतराव साळुबा बावस्कर. जन्म १९५१चा, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावी, शेतकरी कुटुंबात. गरिबीत शिकले. एमबीबीएस आपल्या नागपूरच्या मेडिकलमधून, म्हणजे अर्धे विदर्भाचेच म्हणायला हरकत नाही. सत्तरच्या दशकात ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. तिथं त्यांना लाल विंचू भेटला.

आम्ही शिकत होतो तेव्हा विंचू म्हणजे काय? प्रचंड वेदना, चावल्या जागी बधिर करायचं इंजेक्शन, घरी जा. पण बिरवाडीला येणारी माणसं, विशेषतः लहान मुलं, चावल्यावर काही तासांनी गार पडायची. नाडी धावायची, धाप लागायची, तोंडातून गुलाबी फेस यायचा आणि संपायची. त्या भागातून दवाखान्यात आलेल्या गंभीर रुग्णांतले शंभरात तीसच्या आसपास दगावत. मोठा काळा विंचू, ज्याला आपण इंगळी म्हणतो, तो दिसायला भयंकर पण त्या मानानं सौम्य. हा लाल विंचू बोटाएवढा, आणि जीव घेणारा.

बावस्करांनी काय केलं? माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला हा भाग सगळ्यात मोठा आहे, म्हणून इथं थोडं थांबते. ते रुग्णाच्या उशाशी बसले. रात्रभर. तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचं तापमान वहीत लिहीत गेले. त्यांच्याकडे गिनिपिग नव्हता, ड्रम नव्हता, मोठं ग्रंथालय नव्हतं. वही होती आणि रक्तदाबाचं यंत्र होतं. लिहिता लिहिता त्यांना एक क्रम दिसायला लागला. ज्याच्या जीवाला धोका, त्याला सुरुवातीच्या काही तासांतच उलट्या, भरपूर घाम, लाळ, पुरुष रुग्णात जननेंद्रियाची ताठरता आणि थंडगार हातपाय ही लक्षणं दिसतात. ज्याला नुसत्या असह्य वेदना होतायत आणि बाकी काही नाही, तो बहुधा वाचणारा. म्हणजे जो जास्त ओरडतो त्याच्यापेक्षा जो गप्प पडून घामानं भिजलाय त्याच्याकडे आधी धावायचं. हे निरीक्षण १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. वैद्यकशास्त्रातलं जगातलं एक सगळ्यात जुनं आणि मानाचं नियतकालिक, आणि पत्ता महाराष्ट्रातल्या खेड्याचा. आमच्यासारखे कॉलेजात बसून शोधनिबंध परत आल्याची पत्रं गोळा करणारे लोक ते वाचून थोडे चरफडलेही असतील. मी चरफडले होते.

लक्षणं कळली, आता कारण. लाल विंचवाचं विष नसेवरच्या सोडियमच्या दारांवर बसतं. नसेतून निरोप जाताना ही दारं क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. विष त्यांना मिटू देत नाही. म्हणजे इथं बेलच्या बटणाचा दोष नाही, सगळ्या इमारतीच्या वायरिंगमध्येच करंट चालू राहिलाय. त्यामुळे सगळ्याच नसा एकदम निरोप सोडतात. सुरुवातीला ॲसिटिलकोलीनचा जोर, म्हणून घाम, लाळ, उलटी. थोड्या वेळानं दुसऱ्या निरोप्याचा, नॉरॲड्रेनॅलीनचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयाला आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलावं लागतं, ते थकतं, आणि मागचं पाणी फुफ्फुसात साठतं.

आता कोडं सुटलं ना? सुरुवातीचा घाम-लाळ बघून इथं ॲट्रोपीन दिलं तर काय होईल? हृदयाला आवरून धरणारा जो एक ब्रेक उरलाय, तोच निघेल. घोडा आधीच उधळलाय आणि आपण लगाम कापून दिला. बावस्करांनी पुढे यावर स्वतंत्र लेखच लिहिला, की लाल विंचवाच्या दंशात ॲट्रोपीन देऊ नये. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसत असले तरी आतलं बिघडलेलं यंत्र वेगळं आहे.

मग उपाय? आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. औषध जबरदस्त, पण थेंबाथेंबानं शिरेतून द्यायचं, बाटली उजेडापासून झाकायची, मिनिटामिनिटाला रक्तदाब बघायचा. मोठ्या दवाखान्यात ठीक. खेड्यात रात्री दोन वाजता लाइट गेली तर? मग त्यांचं लक्ष प्राझोसिनकडे गेलं. ही रक्तदाबाची साधी गोळी, तोंडानं घ्यायची. नॉरॲड्रेनॅलीन रक्तवाहिनीवरच्या ज्या कुलपात बसतं, त्याला अल्फा-वन म्हणतात, तेच कुलूप ही गोळी अडवते. विष नसेच्या टोकाशी काय गोंधळ घालतंय ते घालू दे, रक्तवाहिनी ते ऐकतच नाही. १९८६ साली डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दोघांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. प्राझोसिन वापरायला लागल्यापासून मृत्यूचं प्रमाण तिसावरून एक टक्क्याच्या आसपास आलं. नवं औषध नाही शोधलं. कपाटात पडलेलं, दुसऱ्याच कामाचं औषध, त्याची क्रिया ओळखून नेमक्या जागी लावलं. औषधशास्त्राची शिक्षिका म्हणून मला हे नवं औषध शोधण्यापेक्षा कमी वाटत नाही.

आणि तिथं ते थांबले नाहीत, हेही सांगते. प्राझोसिन विषाचे परिणाम रोखतं, विष नष्ट करत नाही. विंचवाच्या विषावरची प्रतिविषलस उपलब्ध झाल्यावर त्यांनी स्वतःच्याच गोळीची परीक्षा घेतली. सत्तर रुग्ण, पस्तीस जणांना नुसतं प्राझोसिन, पस्तीस जणांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले: पहिल्या गटात आठ, दुसऱ्यात बत्तीस. २०११ साली हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं. ज्या गोळीनं आपलं नाव झालं, तिच्यापेक्षा सरस उपाय आहे हे मोजून दाखवायला मोठं मन लागतं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मी एकटीच हॉलमध्ये टाळ्या वाजवत होते, आमच्याकडे कामाला येणारी ताई म्हणाली, "मॅच जिंकली का?"

आता आपल्या वावरात परत येऊ.

२०१७चा पावसाळा आठवतोय ना? त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. ती माणसं विष प्यायली नव्हती. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, बोंडअळी आणि इतर किडींचा जोर होता, आणि फवारणी करणारा त्या दाट पिकातून चालताना सगळा फवारा त्याच्याच अंगावर, तोंडावर येत होता. ही फॉस्फरसवाली औषधं तेलकट असतात, कातडीतून आत शिरतात. घामानं भिजलेला सदरा दिवसभर अंगावर म्हणजे विषाची पट्टी बांधून फिरण्यासारखं. त्यात दोन-दोन, तीन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळलेली.

माझं माहेर राळेगावकडचं. त्या सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. त्याच्याकडे फवारणीला असलेला मजूर बांधावर पडला होता. घाम, उलट्या, तोंडाला फेस. "ताई, त्याले इच्चू चावला. पायाले काहीतरी लागलं म्हणत होता." लोक जमले होते, कुणी विंचू उतरवणाऱ्याला आणायला निघाला होता. मी म्हटलं, "मोबाइलची बॅटरी लाव आणि त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघ. केवढ्या आहेत?" भाऊ म्हणाला, "टाचणीच्या टोकाएवढ्या, ताई." "हातपाय गार की गरम? मांडीचे स्नायू फडफडतात का?" फडफडत होते. मग विचारलं, "आज टाकीत काय घातलं?" त्याला नीट सांगता येईना. म्हटलं, "त्याचे कपडे काढा, अंग साबणानं धुवा, धुणाऱ्यानं हाताला पन्नी बांधा. एकानं गाडी काढा आणि एकानं वावरातून रिकाम्या बाटल्या शोधून आणा, सगळ्या." बाटल्या तीन निघाल्या. एकीवर लाल त्रिकोण होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाटली बघितली आणि ॲट्रोपीन सुरू केलं. ते बाहुल्यांवरूनही ओळखलंच असतं, हे मला ठाऊक आहे, माझी काही विशेष करामत नाही. पण दुसऱ्या बाटलीमुळे त्यांना हेही कळलं की यातल्या एका औषधावर उताराच नाही. डायफेन्थियुरॉनसारखं औषध नसेच्या निरोपाशी संबंध न ठेवता पेशीची ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच अडवतं. त्याला ॲट्रोपीनचं कुलूप चालत नाही. त्या वर्षी काही रुग्णांना काही काळ डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. अशा वेळी डॉक्टर ऑक्सिजन देतात, श्वास सांभाळतात, शरीर विष बाहेर टाकेपर्यंत माणसाला धरून ठेवतात. भावाकडचा तो माणूस अकरा दिवसांनी घरी आला. पुढच्या वर्षी फवारणीला जाणार नाही म्हणाला. गेला, अर्थातच. मजुरीचा प्रश्न आहे.

फवारणीच्या विषावर आणखी एक औषध आहे, प्रॅलिडॉक्सिम, डॉक्टर लोक 'पाम' म्हणतात. ॲट्रोपीन कुलूप अडवतं, पाम त्या बंद पडलेल्या एन्झाइमला विषाच्या तावडीतून सोडवतं. पण वेळेत द्यावं लागतं. ओल्या सिमेंटमध्ये पाय रुतला तर ओढून काढता येतो, सिमेंट वाळल्यावर नाही, तसं काही तासांनी विष एन्झाइमवर घट्ट होऊन बसतं. या औषधावर आपल्या बारामतीच्या डॉक्टरांनी दोनशे रुग्णांवर चाचणी घेतली, २००६ साली तीही 'लॅन्सेट'मध्ये आली. शिरेतून सतत आणि भरपूर पाम दिलं तर फायदा होतो असं त्यांना दिसलं. २००९ साली श्रीलंकेतल्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. दोन्ही चाचण्या प्रामाणिक. कोणतं कीटकनाशक, किती उशिरा आलेला रुग्ण, यानं फरक पडत असावा असं मला वाटतं. वाद अजून मिटलेला नाही. ॲट्रोपीनबद्दल मात्र वाद नाही.

इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांचं वावर अजून गावाकडे आहे, मला माहीत आहे. कुणाचं दारव्ह्याला, कुणाचं घाटंजीला, कुणाचं वणीला. मक्त्यानं दिलं असेल, भाऊ बघत असेल. फवारणीच्या दिवशी फोन करता तेव्हा "किती एकर झालं?" विचारता. त्याबरोबर "बाटल्या घरी आणून ठेवल्या का?" हेही विचारा. बाटलीवरच्या चौकोनातला रंग – लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा – आणि सोबतच्या कागदावर उतारा छापलेला असतो. तो कागद बारीक अक्षरात असतो, आपण चष्मा लावूनही वाचत नाही, पण डॉक्टरांच्या हातात पडला तर अर्धा तास वाचतो.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांतील काही येथे देत आहोत.)

एका वहिनींनी विचारलं, सासऱ्यांना विसरण्याच्या आजारासाठी डोनेपेझिलची गोळी चालू आहे, तीही नसांवर काम करते का?

हो वहिनी, आणि गंमत बघा, तुमची गोळीही तेच एन्झाइम अडवते, जे फवारणीचं विष अडवतं! फरक मात्रेचा आणि पकडीचा. विष एन्झाइमला कायमचं जखडतं, गोळी त्याला हलकेच धरते आणि सोडते. अल्झायमरमध्ये मेंदूत हा निरोप्या कमी पडतो. एन्झाइमला थोडं थोपवलं की आहे तो निरोप्या जरा जास्त वेळ टिकतो. आजार त्यानं बरा होत नाही, पण काहींचे काही महिने, कधी जास्त, बरे जातात. सुरुवातीला मळमळ, जुलाब, नाडी मंद होणं हे का होतं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका. नाग चावल्यावरही याच कुळातलं निओस्टिग्मीन देतात. नागाचं विष स्नायूवरच्या कुलपात बसतं, निरोप्याला आत येऊ देत नाही. मग निरोप्यांची संख्या वाढवायची, म्हणजे ते गर्दी करून विषाला हटवतात. सोबत ॲट्रोपीन देतात, नाहीतर लाळ-घाम वाढेल. सर्पदंशाची लस मात्र लागतेच, हे तिच्याऐवजी नाही. आणि मण्यार चावली तर निओस्टिग्मीनचा उपयोग होत नाही, कारण तिचं विष निरोप्या सोडणारं नसेचं टोकच निकामी करतं. निरोप्या निघालाच नाही तर त्याला टिकवणार काय?

मागच्या रांगेतून एका काकांनी विचारलं, आमच्या गावात विंचू उतरवणारा होता, त्याच्याकडे शंभरातले नव्वद बरे व्हायचे, ते कसं?

काका, कारण शंभरातल्या बहुतेक विंचवांचं विष जीवघेणं नसतंच. ते झाडाखाली नुसते बसले असते तरी बरे झाले असते. त्याचं नाव त्या नव्वदांमुळे झालं आणि उरलेले दहा घरी जाऊन गेले, त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. बावस्करांनी ठेवला. वेदना कमी झाल्या आणि घाम वाढला, हात गार पडले, तर मांत्रिकाचं यश समजू नका, गाडी काढा. आणि प्राझोसिन घरात आणून ठेवू नका. पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, रुग्णाला झोपवून ठेवावं लागतं. ते डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरच द्यायचं औषध आहे.

शेवटी पाचवीतल्या एका मुलानं विचारलं, विंचवाला कोण खातं आणि त्याला विष चढत नाही का?

फार छान प्रश्न, आणि याचं उत्तर मला सगळ्यात आवडतं. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात एक छोटा उंदीर आहे. तो तिथले विषारी विंचू पकडतो. विंचू त्याच्या तोंडावर नांगी मारतो, उंदीर जरा नाक चाटतो आणि विंचू खाऊन टाकतो. शास्त्रज्ञांनी बघितलं तर त्याच्या वेदनेच्या नसांवरच्या सोडियमच्या एका दाराची घडण थोडी बदललेली आहे. विष त्या दारावर बसतं, पण दार उघडं राहण्याऐवजी मिटतं! म्हणजे विंचवानं चावलं की त्या उंदराला दुखणं कमी होतं. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात ते छापून आलं. आता त्या दारावर बसणारं, पण माणसाला चालणारं औषध करता येईल का, याच्या मागे बरेच लोक लागले आहेत. तू मोठा झाल्यावर तूही लाग. गिनिपिगचं आतडं कसं टांगायचं ते मी शिकवते. आधी जिलेबी खाऊन ये.